जहाजवाड्यातली छायाचित्रे : आधी विचारावे की आधी टिपावे?

सुरसागरकाठी

बडोद्यातील आम्हा हौशी छायाचित्रकारांच्या गटात सध्या काम करणाऱ्या माणसाचे छायाचित्र आधी विचारून काढावे की आधी टिपावे, या प्रश्नावरून चांगलीच जुंपली आहे आणि ती गटातल्या गटात मिटेल असे दिसत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

कच्छमधील मांडवी येथे रुक्मावती नदीच्या काठावर लाकडी गलबते बांधण्याचे काम सुमारे चारशे वर्षे चालत आले आहे. बडोदेकरांना तिथे जाणे सोयीचे आहे. रात्री सयाजीनगरी एक्स्प्रेस पकडली की पहाटे भूज येते आणि तिथून मांडवी जेमतेम ६० किलोमीटर. त्यामुळे आमच्यापैकी अनेकांकडे तिथली छायाचित्रे साठली आहेत आणि येत्या हिवाळ्यात त्यांचे एक छोटे प्रदर्शन भरवावे असे ठरले. निवड करायला बसलो तेव्हा दिसले की निम्म्याहून अधिक छायाचित्रे सारखीच आहेत: खालून वर पाहत टिपलेला गलबताचा अजस्र सांगाडा, मागे मावळतीचे आकाश आणि कोपऱ्यात कुणाची तरी काळी आकृती. उरलेल्यांत माणसे आहेत, पण ती पलीकडच्या काठावरून लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेली. त्यातले एक खरोखर देखणे आहे. परांचीवर उकिडवा बसलेला एक वयस्क कारागीर दोन फळ्यांमधल्या फटीत काहीतरी ठोकतो आहे. काय ठोकतो आहे, ते टिपणाऱ्याला ठाऊक नाही. खाली मथळा दिला आहे, ‘श्रमसाधना’.

माझे मत असे की ज्याचे काम आपल्याला समजलेले नाही त्याचे छायाचित्र प्रदर्शनात लावू नये, आणि काम समजून घ्यायचे तर आधी जाऊन विचारावेच लागते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की विचारले की माणूस ताठ होतो, केसांवरून हात फिरवतो आणि छायाचित्रातला जीव जातो. आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील. मांडवीचेच हवेत असे नाही. कोकण, खंबायतचे आखात, नर्मदा, कुठल्याही काठाचे चालतील.

माळवी मिरची

‘श्रमसाधना’ हा मथळा वाचून शाळेतले भित्तिपत्रक आठवले. मथळ्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने, बाकी सगळ्याच बाबतीत विरुद्ध.

आम्हा इंदूरकरांना समुद्र नाही, पण महेश्वरचा घाट आहे. तिथल्या नावाड्याला ‘दादा, एक फोटो काढू का?’ असे विचारून पाहा. तो वल्हे बाजूला ठेवतो, खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवतो आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा असल्यासारखा हात जोडतो. त्यात त्याची काही चूक नाही. माणसाला आपले रूप आपल्या मनाप्रमाणे दिसावेसे वाटते, हे अगदी स्वाभाविक आहे. पण मग आपण त्याचे छायाचित्र काढत नसून त्याने सांगितलेले छायाचित्र काढून देत असतो. नाव लोटताना त्याच्या पाठीला जो बाक येतो, तो त्याला सांगून कधीच मिळणार नाही. आधी टिपावे, मग जाऊन दाखवावे, नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाकावे. हा व्यवहार मला पुरेसा प्रामाणिक वाटतो.

खारा वारा

मूळचा रत्नागिरीचा, नोकरीमुळे बडोद्यात स्थायिक. तिथल्या मिरकरवाडा बंदराच्या आसपास लहानपण गेल्यामुळे त्या वयस्क कारागिराच्या हातात काय असेल ते सांगू शकतो.

तो फटीत कापूस भरतो आहे. गलबताच्या फळ्या कितीही काटेकोर तासल्या तरी दोहोंमध्ये बारीक फट राहतेच. तेलात भिजवलेल्या कापसाची जाडसर वात वळून ती फटीवर धरायची, त्यावर बोथट छिन्नी टेकवायची आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत आत बसवायची. वरून लुकणासारखा लेप देऊन फट बुजवतात. पुढे गलबत पाण्यात उतरले की लाकूड पाणी पिऊन फुगते, फट आवळली जाते आणि आतला कापूस दाबून घट्ट बसतो. म्हणूनच कापूस कमी पडला तर पाणी झिरपते आणि जास्त कोंबला तर फुगणारी फळी बाहेर रेटली जाते. किती भरायचा याचे माप नसते. जुना कारागीर ते मोगरीच्या आवाजावरून ठरवतो. फट पोकळ असताना आवाज भद्द येतो, कापूस पुरेसा बसला की खणखणीत होतो. खिळ्यांचेही तसेच. खिळा ठोकण्याआधी त्याच्या डोक्याखाली सुताचा वेढा देतात, म्हणजे खिळ्याच्या छिद्रातून पाणी शिरत नाही.

आता हे ठाऊक असलेला माणूस छायाचित्र कुठून काढेल ते पाहा. तो कारागिराचा चेहरा सोडून कान टिपेल, कारण त्या कामात मान किंचित कलती करून कान फळीच्या बाजूला नेलेला असतो. नदीपलीकडून हे दिसणे शक्य नाही. त्यामुळे सुरसागरकाठी यांच्या मताला अनुमोदन, मात्र कारण थोडे वेगळे: विचारणे हा शिष्टाचाराचा भाग आहेच, परंतु मुख्य म्हणजे विचारल्याने कॅमेरा कुठे धरायचा ते समजते.

रेवातीर

खारा वारा, फार सुंदर प्रतिसाद. आवाजाबद्दलचे वाचून आमच्याकडच्या होड्या आठवल्या.

मी भरूचची, लग्नानंतर बडोद्यात. भरूचला नर्मदेत भरती चढते आणि ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो. तिथे मांडवीसारखी मोठी गलबते बांधत नाहीत. लहान मासेमारी होड्या काठावर ओढून, पालथ्या घालून, डांबर लावून दुरुस्त करतात. पावसाळ्यात हिलसा मासा समुद्रातून नदीत वर येतो आणि तो हंगाम इथल्या मच्छीमार कुटुंबांसाठी वर्षाचा महत्त्वाचा काळ असतो. त्यामुळे होड्यांची डागडुजी त्याआधी, भर उन्हाळ्यात उरकायची घाई असते. त्या दिवसांत काठावर गेलात तर पुरुष डांबर लावताना दिसतात आणि तेच सगळ्यांच्या छायाचित्रांत येते. त्यांच्यापासून दहा पावलांवर बायका जाळी पसरून त्यांतले फाटलेले डोळे, म्हणजे छिद्रे, शोधत असतात, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळे ताणून धरतात आणि गाठी मारत मारत दुसरीकडे पोरावर ओरडत असतात. ते कुणी टिपत नाही. जहाजवाडा म्हटले की लाकूड आणि पुरुष, एवढेच डोळ्यांसमोर येते. तुमच्या निवडीत बायका किती छायाचित्रांत आहेत, हा माझा साधा प्रश्न.

सुरसागरकाठी

रेवातीर, एकातही नाही. चहाच्या टपरीच्या एका छायाचित्रात मागे एक बाई लाकडाच्या ढलप्या गोळा करताना दिसते, पण ती चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेली आहे. ते छायाचित्र निवडीत नव्हतेच. आता पुन्हा काढून पाहतो.

छायाप्रकाश

बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकलेलो आहे, त्यामुळे थोडा तांत्रिक आणि थोडा गावाचा अभिमान असा मिश्र प्रतिसाद देतो.

१९५० साली सुरू झालेल्या या विद्याशाखेशी संबंधित ज्योती भट्ट आणि राघव कनेरिया यांनी गुजरातच्या खेड्यापाड्यांतल्या लोककलांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. ज्योती भट्ट यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवर मांडणे, म्हणजे लोकशैलीतली चित्रे, काढणारी बाई, तिचे घर आणि तिचे मांडणे ही तिन्ही त्या चौकटीत एकमेकांना धरून राहतात, हे त्या कामाचे वैशिष्ट्य मला नेहमी वाटत आले आहे. बडोद्यात राहून कामाची आणि माणसांची छायाचित्रे काढणाऱ्याला दूर कुठे धडे शोधण्याची गरज नाही.

आता तंत्र. गलबताच्या पोटात उभे राहून वर पाहिले की फासळ्यांच्या मधून आकाश भगभगते आणि माणसे काळी पडतात, म्हणून प्रत्येकाच्या संग्रहात त्या काळ्या आकृत्या येतात. ती कलात्मक निवड कमी आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप जास्त असते. प्रकाश माणसाच्या त्वचेवर मोजा, आकाश पांढरे झाले तर होऊ द्या. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी हा फरक पुष्कळ कमी होतो. तासणी चालवणाऱ्याच्या उडत्या ढलप्या हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास न्यावा लागतो. हात फिरलेला दिसायला हवा असेल तर सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. तेल लावलेल्या ओल्या लाकडावर आकाशाची चकाकी येते, ती ध्रुवीकरण करणारा फिल्टर फिरवून बरीच कमी होते आणि लाकडाचे रेषारेषांचे अंग उघडे पडते. भिंगावर भुसा किंवा खारट वाळू बसली तर आधी फुंकणीने उडवावी, कोरड्या फडक्याने घासू नये. घासल्यास काचेवर चरे पडतात.

आणि लांब पल्ल्याचे भिंग घरी ठेवा. जवळ जाण्याची सक्ती होईल असेच भिंग न्या, ३५ मिलिमीटरचे साधे भिंग भरपूर झाले. तुमचा निम्मा वाद त्यानेच मिटेल.

ग्वाल्हेरचा गणू

ग्वाल्हेरला समुद्र नाही, याचा आम्हाला न्यूनगंड होताच. तो या धाग्याने वाढवला. आमच्याकडे तिघरा धरणातल्या पर्यटकांच्या बोटी आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीची छायाचित्रे काढायची तर स्टीलच्या पान्याखेरीज फारसे काही हाती लागत नाही.

तरी ग्वाल्हेरचे नाव जहाजांच्या इतिहासात आहे, हे नम्रपणे नोंदवतो. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतले होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. पुढे याच कंपनीने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभा केला आणि १९४८ साली तिथे ‘जलउषा’ पाण्यात उतरली. समुद्र नसलेल्या गावाने एवढे केले, आता छायाचित्रांचे तुम्ही बघा.

दफ्तरखाना

ग्वाल्हेरच्या गणूंनी सुरुवात केलीच आहे तर बडोद्यानेही मागे राहू नये. संस्थानी काळात द्वारकेजवळचे ओखामंडळ बडोद्याच्या राज्यात होते आणि ओखा बंदर १९२६ साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाले. दक्षिणेकडे बिलिमोऱ्याला गायकवाडांचे आरमार होते. कोकणात विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीवर मराठ्यांच्या आरमारी गोदीचे अवशेष आजही पाहता येतात. सुरतेहून १७३६ साली मुंबईला गेलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने तर पिढ्यान्पिढ्या सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेले आहे. दोनशे वर्षे टिकलेले मुंबईत घडलेले लाकूड परदेशी संग्रहालयात पाहायला मिळते, इथे मात्र बांधणाऱ्यांची नावेसुद्धा फारशी उरलेली नाहीत.

ही शेवटची ओळ विषयाला धरून आहे, असा माझा दावा आहे. छायाचित्राखाली कारागिराचे नाव हवे.

माळवी मिरची

दफ्तरखाना यांनी विषयावर परतण्याचे जे कौशल्य दाखवले ते वल्ही मारणाऱ्यांनी शिकण्यासारखे आहे.

जाई

मी बडोद्यातच राहते आणि मांडवीला काही वेळा जाऊन आले आहे. इथे ‘विचारावे की टिपावे’ असे दोनच पर्याय धरून सगळे बोलत आहेत, तिसऱ्याबद्दल सांगते.

पहिल्या सकाळी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. एकटी बाई ओंडक्यावर बसून राहिली आहे हे पाहून लोकांना आपोआपच प्रश्न पडतात आणि तेच येऊन विचारतात: कुठून आलात, कोणाकडे आलात, जेवलात का. म्हणजे विचारण्याचे काम त्यांनीच केले. तिथे एक मिस्त्री भल्यामोठ्या फळीवर रेघ आखत होते. गेरूत बुडवलेले सूत फळीच्या दोन टोकांना ताणून धरायचे, मध्ये चिमटीत उचलून सोडायचे, की टण् आवाज होतो आणि सबंध लांबीची लाल रेघ उमटते. त्यांचा मदतनीस चहाला गेला होता. त्यांनी सुताचे दुसरे टोक माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘पकडो, बेन, हिलना मत.’ दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे त्या रेघेचे छायाचित्र माझ्याजवळ नाही. पण सुताचा गेरू माझ्या बोटांना लागलेला पाहून बाकीचे हसले आणि त्यानंतर मी कॅमेरा काढला तेव्हा कुणीही केसांवरून हात फिरवला नाही.

फळी तासायला घेतल्यावर मिस्त्रींनी एक गोष्ट दाखवली. फासळ्यांसाठी ते बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली खोडे निवडतात, कारण सरळ लाकूड कापून वाकडे केले तर त्याच्या शिरा तुटतात आणि ते कमकुवत होते. मलेशियातून आलेले सालाचे सरळ ओंडके एका बाजूला रचलेले असतात आणि बाभळीची वेडीवाकडी खोडे दुसऱ्या बाजूला नुसती ढीग घातल्यासारखी पडलेली असतात. तो ढीग म्हणजे कचरा आहे असे समजून मी त्यावर पाय देऊन उभी राहणार होते, एवढ्यात त्यांनी त्यातले एक वाकडे खोड उचलून गलबताच्या कुशीला लावून दाखवले आणि ते तंतोतंत बसले. आराखड्याचा कागद तिथे कुठेही नव्हता. त्या ढिगाचे छायाचित्र माझ्या मते माझ्याकडचे सर्वांत चांगले आहे आणि त्यात एकही माणूस नाही.

खारा वारा

जाई, बाभळीचे अगदी नेमके निरीक्षण. वाकड्या खोडातून फासळी निवडणे हेच मिस्त्रीचे खरे कसब. पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लांब लाकूड, आणि पुढचा-मागचा उभा खांब बसला की पुढचे सगळे नजरेच्या मापावर चालते.

एक विनंती. सगळ्यांनाच असे ओंडक्यावर बसून राहण्याइतका वेळ मिळत नाही, शनिवार-रविवारचे फिरते लोकही असतात. त्यांनी किमान मिस्त्रीला शोधून काढून त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. वाड्यात परवानगी देणारा तोच असतो. परांचीवरच्या पोराला विचारून उपयोग नसतो. तो बिचारा होही म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही.

काटकोन

मी कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे रसभंग करणारे लिहितो.

परांचीवर अनवाणी उभा असलेला, डोक्यावर काहीही नसलेला कामगार छायाचित्रात देखणा दिसतो. तेच छायाचित्र मोठे होऊन समाजमाध्यमांवर फिरले की मालकाच्या नजरेस पडते. मालकाला त्यात सौंदर्य दिसत नाही, त्याला सरकारी चौकशीची भीती दिसते. मग पुढच्या खेपेला तो कामगार बदललेला असतो. दुपारच्या उन्हात गलबताच्या सावलीला आडवे झालेल्या माणसांचेही तसेच: आपल्याला ती विश्रांती वाटते, मुकादमाला ती कामचुकारी वाटू शकते. म्हणून आधी टिपून मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवण्याचा ‘माळवी मिरची’ यांचा व्यवहार अपुरा आहे. त्या इवल्याशा पडद्यावर ‘हो’ म्हणणाऱ्याला हे चित्र पुढे कुठे जाणार आहे याची कल्पना नसते. ‘भिंतीवर लागेल, इंटरनेटवरही जाईल’ असे स्पष्ट सांगून मिळालेला होकार वेगळा. लहान मुले चौकटीत असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय बटण दाबू नये, याबाबत तरी मतभेद नसावा.

आणखी एक व्यावहारिक सूचना. वरून गलबते टिपण्यासाठी ड्रोन नेणार असाल तर आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग हिरवा, पिवळा की लाल आहे ते तपासा. कच्छ हा सीमावर्ती जिल्हा आहे, तिथे ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

माळवी मिरची

काटकोन, मुलांबद्दल आणि परांचीवरच्या माणसाबद्दल तुमचे म्हणणे मान्य. झोपलेल्या माणसाचे छायाचित्र मी यापुढे लावणार नाही. पण प्रत्येक छायाचित्रासाठी संमतिपत्र भरून घ्यायचे ठरले तर आपण छायाचित्रकार न राहता जनगणनेचे कर्मचारी होऊ. पाठीचा बाक, हाताची मूठ, चेहरा न दिसणारी चौकट, यांना तरी सूट द्या.

ताडपत्री

माझे नावच ताडपत्री असल्यामुळे मला राहवत नाही.

मांडवीची जी छायाचित्रे मी वर्षानुवर्षे पाहतो त्यांत निळी ताडपत्री कधीच नसते. प्रत्यक्षात तिथे ती सगळीकडे असते. विजेवर चालणारा रंधा असतो, साखळीची करवत असते, मोबाइलवर मोठ्याने गाणी चालू असतात आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हिशेबनीस बसलेला असतो. छायाचित्रकार तासणी दिसेपर्यंत थांबतात आणि विजेचा रंधा सुरू झाला की कॅमेरा खाली करतात. मग प्रदर्शनात ‘लोप पावत चाललेली प्राचीन कला’ असे लिहितात. कला लोप पावते आहे की नाही हे गलबतांच्या मागणीवर ठरणार आहे. लाकूड महाग झाले, पोलादी जहाजे आली, लहान मासेमारीत फायबरच्या होड्या आल्या. फायबरच्या होडीचा साचा, त्यावर राळेचे थर चढवणारी माणसे, नाकाला बांधलेली फडकी, डोळ्यांना झोंबणारा तो वास, याची छायाचित्रे कुठे आहेत? तोही जहाजवाडाच आहे आणि तिथे काम करणारी माणसे त्याच गावची आहेत. विचारायचे की टिपायचे, हा वाद ठीक आहे, पण विचारूनही तुम्ही जुनेच तेवढे टिपणार असाल तर विचारण्याला काय अर्थ राहिला?

रेवातीर

ताडपत्री, शंभर टक्के सहमत. भरूचच्या काठावर मीही पाहिले आहे. बायका जाळी नायलॉनची विणतात म्हणून एका पाहुण्या छायाचित्रकाराने त्यांना ‘सुती नाही का?’ असे विचारले होते. त्यांचे उत्तर इथे लिहिण्यासारखे नाही.

छायाप्रकाश

ताडपत्रीचा मुद्दा पटला, आणि निळ्या रंगाची अडचणही खरी आहे. तो निळा इतका भडक असतो की तपकिरी लाकडाच्या चौकटीत नजर सगळ्यात आधी तिथे जाते. कृष्णधवल छायाचित्रांच्या सोसाचे हेही एक कारण असावे. रंग काढला की ताडपत्री आपोआप प्राचीन होते. निदान अर्धी छायाचित्रे रंगीत ठेवावीत, अशी सूचना करतो.

दफ्तरखाना

बडोद्याच्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो प्रचंड सांगाडा आहे, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, त्याच्याखाली उभे राहून कुणी वर पाहिले असेल तर मांडवीच्या अर्धवट गलबताच्या पोटात उभे राहणे म्हणजे काय ते त्याला सांगावे लागणार नाही. त्या खालून वर पाहणाऱ्या छायाचित्रांना मी तरी सरसकट बाद करणार नाही. पहिल्यांदा पाहणारा माणूस थक्क होतो आणि ते थक्क होणेही खरेच असते. एखादे ठेवा.

नवखा

मी छायाचित्रणात अगदी नवखा आहे. गलबत पाण्यात उतरवतानाचा प्रसंग टिपायचा असेल तर कधी जावे? आणि छायाचित्रांच्या बदल्यात पैसे द्यावेत का?

खारा वारा

नवखा, गलबत उतरवायला उधाणाची भरती लागते आणि ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला पाणी पुरेसे चढत नाही. त्यामुळे पंचांग आणि भरती-ओहोटीचे कोष्टक दोन्ही पाहून जावे, आणि तरीही उतरवण्याचा दिवस मिस्त्री आणि मालक मिळूनच ठरवतात हे लक्षात ठेवावे. एक गलबत बांधायला दोन-दोन वर्षेही लागतात, म्हणजे हा प्रसंग वारंवार येत नाही. त्या दिवशी पूजा असते, गर्दी असते, दोर ताणलेले असतात. दोराच्या रेषेत कधीही उभे राहू नका, तुटला तर जिवावर बेततो.

पैशांबद्दल: मी देत नाही. एकाला दिले की बाकीच्यांची कुरबुर सुरू होते आणि पुढच्या छायाचित्रकाराला दर सांगितला जातो. छायाचित्र छापून देतो. मोबाइलवर पाठवलेले चार दिवसांत वाहून जाते, कागदावरचे घरात लागते.

जाई

छापील प्रतीबद्दल एकच भर. लोकांना हवे असते ते आपले आवडते छायाचित्र नसते. मिस्त्रींना त्या वाकड्या खोडांच्या ढिगात काडीचाही रस नव्हता. पूर्ण झालेल्या गलबतापुढे सगळ्या कामगारांना रांगेत उभे करून काढलेले सरळसोट छायाचित्र त्यांना हवे होते, गॉगल लावून. ते मी काढले, मोठे छापले आणि दिले. माळवी मिरची यांनी नावाड्याच्या गॉगलची थट्टा केली आहे म्हणून मुद्दाम सांगते.

माळवी मिरची

जाई, थट्टा परत घेतो, गॉगल मात्र माझ्या प्रदर्शनात लागणार नाही.

सुरसागरकाठी

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यातले बरेच काही गटात वाचून दाखवले आणि काल संध्याकाळी पुन्हा निवडीला बसलो.

मावळतीच्या सांगाड्यांपैकी दफ्तरखाना यांच्या शब्दाला मान देऊन एक ठेवला, बाकीचे काढले. सावलीत झोपलेल्या माणसांची दोन्ही छायाचित्रे वगळली. ढलप्या गोळा करणारी बाई असलेले टपरीचे छायाचित्र अर्धेच असल्यामुळे ते लावता येणार नाही, पण त्या निमित्ताने गटातल्या दोघींनी पुन्हा मांडवीला जायचे ठरवले आहे. जाताना त्या ३५ मिलिमीटरचेच भिंग नेणार आहेत. ताडपत्री असलेली छायाचित्रे वगळलेल्यांच्या गठ्ठ्यात बरीच सापडली आणि त्यातली काही सरस निघाली. प्रत्येक छायाचित्राखाली काय काम चालू आहे, कोणते अवजार आहे आणि संमती असेल तर माणसाचे नाव, एवढेच लिहायचे. भावपूर्ण मथळे एकमताने रद्द झाले, म्हणजे ‘श्रमसाधना’ वाले सदस्य वगळता एकमताने. बडोद्याआधी हीच छायाचित्रे मांडवीत टपरीशेजारी दोरीवर टांगून दाखवावीत, असा प्रस्ताव आहे. तिथे ज्याला ‘नको’ म्हणायचे असेल तो आपले छायाचित्र दोरीवरून उतरवून घेऊ शकेल.

मूळ मुद्द्यावर मात्र गट अजून दुभंगलेलाच आहे. कापूस भरणाऱ्या त्या कारागिराचे छायाचित्र ठेवायचे की नाही, यावर मते सारखी पडली.

माळवी मिरची

ठेवा. तुम्हाला आता ठाऊक झाले आहे की तो काय करतो आहे.

खारा वारा

आपल्याला ठाऊक झाले, टिपणाऱ्याला टिपताना नव्हते, आणि छायाचित्रात ते दिसते: मोगरी कडेला कापली गेली आहे आणि चौकटीच्या मधोमध दाढी आहे. माझे मत, पुन्हा जाऊन जवळून काढा. माणूस तोच असेल तर उत्तम, नसेल तर जो असेल त्याचे.